तीन विषयांना तीन क्लास?

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे. यंदा इतिहासात युरोपातली रेफॉर्मेशन (सोळाव्या शतकातली चर्चसुधारणेची चळवळ) आहे, इंग्रजीत व्याकरण आहे आणि अकॅडेमिक रायटिंगचा वेगळा तास सुरू झालाय. व्याकरणाच्या चाचणीत मला वीसपैकी अठरा पडतात, सनावळ्या तोंडपाठ आहेत, तरी निबंध परत येतो तेव्हा लालेलाल. खाली शेरा, 'हे वर्णन झालं, युक्तिवाद कुठे आहे?' आणि समासात जागोजागी 'टेन्स', 'आर्टिकल', 'कोणी?'. आता 'इंडल्जन्सची विक्री हेच रेफॉर्मेशनचं मुख्य कारण होतं का?' यावर (इंडल्जन्स म्हणजे पापाच्या शिक्षेत सूट देणारं चर्चचं पत्र) इंग्रजीत दीड हजार शब्द लिहायचेत. हातात तीन आठवडे आहेत. आई म्हणते, तिन्ही विषयांना क्लास लाव. वर्गातली काही मुलं सरळ एआयकडून लिहून घेतात. आणखी एक, माझी जवळची मैत्रीण कॅथलिक आहे. तिला वाईट वाटणार नाही असं हे कसं लिहू? सोबत माझा एक परिच्छेद पाठवतेय.
– लाल शाईला कंटाळलेली

अगं, क्लास नको. तिन्ही नकोत, एकही नको. तुझा परिच्छेद वाचून माझं मत झालं की तुला व्याकरण येतं आणि इतिहासही येतो, पण दोघांची तू अजून ओळखच करून दिलेली नाहीस. व्याकरण तू वर्कशीटवर सोडवतेस, इतिहास पाठ करतेस आणि अकॅडेमिक रायटिंगच्या तासाला 'मोरओव्हर', 'फर्दरमोर' अशा जोडशब्दांची यादी उतरवून घेतेस. माझ्या मते अकॅडेमिक रायटिंग हा तिसरा विषय नाहीच. पहिले दोन एकाच वाक्यात आणायचे, एवढंच त्यात असतं. समासात शिक्षकांनी 'आर्टिकल' लिहिलंय तिथे खरी चूक इतिहासाची आहे आणि 'कोणी?' लिहिलंय तिथे व्याकरणाची. कशी ते तुझ्याच परिच्छेदावर दाखवते. तू लिहिलंयस (ल्यूथर म्हणजे विटेनबर्गचा धर्मशास्त्राचा प्राध्यापक, थीसीज म्हणजे वादासाठी मांडलेले मुद्दे) :

'इंडल्जन्सेस वेअर सोल्ड इन जर्मनी. ल्यूथर वॉज अँग्री. ही नेल्ड नाइन्टी-फाइव्ह थीसीज ऑन द चर्च डोअर. द प्रिन्सेस सपोर्टेड हिम अँड प्रिंटिंग प्रेस वॉज इन्व्हेन्टेड सो द रेफॉर्मेशन स्टार्टेड.'

पहिलं वाक्य व्याकरणाच्या चाचणीत पूर्ण गुण घेईल. कर्मणी प्रयोग बिनचूक आहे. पण विकणारा कोण? आपल्याला 'करण्यात आले', 'देण्यात आले', 'जाहीर करण्यात आले' वाचायची इतकी सवय झालेली असते की कर्ता हरवलाय हे ध्यानातच येत नाही, आणि ती सवय इंग्रजीतही सोबत येते. इथे हरवलेला कर्ता शोधायला गेलीस की अर्धा निबंध हाती लागतो. विकत होता योहान टेट्झेल नावाचा डॉमिनिकन पंथाचा धर्मोपदेशक. तो काम करत होता माइन्झचा आर्चबिशप (तिथला मुख्य धर्माधिकारी) आल्ब्रेख्त याच्यासाठी. हा आल्ब्रेख्त आधीच माग्डेबुर्गचा आर्चबिशप होता, तिशीही गाठली नव्हती, आणि १५१४ मध्ये त्याने माइन्झचंही पद मिळवलं. अशा सवलती फुकट मिळत नसत. रोमला भरायचे पैसे त्याने ऑग्सबर्गच्या फुगर या सावकार घराण्याकडून कर्जाऊ घेतले. मग पोप दहाव्या लिओने १५१५ मध्ये दिलेल्या इंडल्जन्सची विक्री आल्ब्रेख्तच्या मुलखात सुरू झाली. पैशाचे वाटे ठरलेले होते, अर्धे रोममधल्या सेंट पीटर्स चर्चच्या बांधकामाला आणि अर्धे फुगरांचं कर्ज फेडायला.

आता तेच वाक्य कर्तरी करून बघ. टेट्झेल हा कर्ता, 'सोल्ड' हे क्रियापद. पोपने परवानगी दिली ती विक्रीच्या आधी, म्हणून तिथे 'हॅड ग्रँटेड'. वर्कशीटवर ज्याला तू पास्ट परफेक्ट म्हणतेस त्याचं काम हे आहे, दोन भूतकाळांतला आधीचा कोणता ते सांगणं. एका वाक्यात विक्रेता, परवानगी देणारा, कर्जदार आणि सावकार असे चौघे आले आणि वाचणाऱ्याला तुझा मुद्दा न सांगता दिसायला लागला. धर्माचा प्रश्न इथे पैशाच्या आणि पदाच्या प्रश्नात गुंतलेला आहे.

म्हणून कर्मणी प्रयोग टाकून देऊ नकोस हं. 'यान हुस वॉज बर्न्ड ॲट कॉन्स्टन्स इन १४१५' हे वाक्य अगदी योग्य आहे, कारण तिथे बोलणं हुस या बोहेमियातल्या धर्मसुधारकाबद्दल चाललंय, आग लावणाऱ्याबद्दल नाही. कर्मणी सरसकट वाईट असं सांगणारे सल्ले मला कधीच पटले नाहीत. वाक्य कर्मणी ठेवायचं तर ते ठरवून ठेव, कर्ता माहीत नाही म्हणून नको.

याच वाक्यात आणखी एक खड्डा आहे. पुढे कुठेतरी तू 'लोक पापांची क्षमा विकत घेत' असं लिहिणार, सगळेच लिहितात. चर्चच्या शिकवणीनुसार इंडल्जन्सने पाप माफ होत नसे. पापाची कबुली दिल्यावर आणि क्षमा मिळाल्यावरही जी शिक्षा भोगायची उरते, ती कमी होत असे. विक्रीच्या गर्दीत लोकांनी काय ऐकलं आणि त्यांना काय ऐकवलं गेलं, हा निराळा मामला. तो फरक एका वाक्यात दाखवलास तर परीक्षकाला कळेल की तू पुस्तक उघडलं होतंस.

दुसरं वाक्य, 'ल्यूथर वॉज अँग्री'. काढून टाक. राग होता की नव्हता हा मुद्दा नाही. निबंधात माणसाच्या मनःस्थितीपेक्षा त्याचं म्हणणं हवं. ल्यूथरचं म्हणणं आपल्या हातात आहे, पंच्याण्णव थीसीजचं भाषांतर सहज मिळतं आणि ती वाचायला अर्धा तास पुरतो. वाच म्हणजे खरंच वाच. सत्ताविसाव्या मुद्द्यात तो पेटीत नाणं वाजताच आत्मा शुद्धिस्थानातून (मेल्यावर उरलेली शिक्षा भोगायच्या जागेतून) उडून जातो असं सांगणाऱ्यांचा समाचार घेतो. शहाऐंशीव्यात विचारतो, पोप एवढा श्रीमंत आहे, तर सेंट पीटर्स स्वतःच्या पैशाने का बांधत नाही? आणि एकाहत्तराव्यात पोपच्या इंडल्जन्समधलं सत्य नाकारणारा शापित असो असं म्हणतो! म्हणजे १५१७ मध्ये हा माणूस इंडल्जन्सवर बंदी मागत नव्हता, त्यांच्या गैरवापरावर वाद मागत होता. पुढच्या तीन-चार वर्षांत तो खूप लांब गेला, पण सुरुवात तिथून नाही. 'अँग्री'च्या जागी 'आर्ग्यूड दॅट' आलं की हे सगळं मांडायला जागा होते. 'आर्ग्यूड', 'क्लेम्ड', 'डिनाइड', 'कन्सीडेड' ही क्रियापदं ओळखीची करून घे. 'सेड'वर निबंध चालत नाही, आणि 'प्रूव्ह्ड' तर क्वचितच कोणाला शोभतं.

तिसरं वाक्य खिळ्यांचं. ३१ ऑक्टोबर १५१७ ला ल्यूथरने आर्चबिशप आल्ब्रेख्तला पत्र लिहिलं हे पक्कं, ते पत्र आजही आहे. विटेनबर्गच्या कॅसल चर्चच्या दारावर त्याने कागद ठोकला का, हे तितकं पक्कं नाही. ही गोष्ट पसरवणारं प्रसिद्ध वर्णन त्याचा सहकारी फिलिप मेलँक्थन याचं आहे. ते आलं १५४६ मध्ये, ल्यूथर वारल्यावर, आणि मेलँक्थन स्वतः विटेनबर्गला आला तो १५१८ मध्ये. दारावर नोटिसा लावायची पद्धत होती, त्यामुळे असं झालंही असेल. इतिहासकारांत यावर वाद आहे. तुला वाद सोडवायचा नाहीये, फक्त वाक्याचा आवाज थोडा खाली आणायचाय. 'अकॉर्डिंग टु मेलँक्थन', 'मे हॅव पोस्टेड'. ही 'मे', 'माइट', 'प्रॉबब्ली'ची मंडळी व्याकरणाच्या पुस्तकात मोडल म्हणून भेटतात, तिथे ती फार निर्जीव वाटतात. इथे त्यांच्यावर तुझी विश्वासार्हता टिकून आहे. ठाऊक आहे ते ठामपणे, अंदाज आहे तो अंदाज म्हणून. मात्र प्रत्येक वाक्याला 'पर्हॅप्स' लावत सुटलीस तर तू घाबरलीयस असंच दिसेल.

आता चौथं वाक्य, सगळ्यात मजेशीर. 'द प्रिन्सेस सपोर्टेड हिम.' इथे शिक्षकांनी 'आर्टिकल' लिहिलंय आणि तू म्हणशील, 'द' आहे की! आहे ना, तेच चुकलंय. 'द प्रिन्सेस' म्हटलं की सगळे राजे आले. मराठीला आर्टिकलं नाहीत, त्यामुळे तो 'द' आपण शोभेला लावतो किंवा विसरतो. इंग्रजीत मात्र तो 'सगळे' आणि 'काही' यांच्यात भिंत घालतो. सगळे राजे ल्यूथरच्या बाजूचे नव्हतेच. सॅक्सनीचे दोन भाग होते. एका भागाचा इलेक्टर (सम्राट निवडायचा हक्क असलेला राजा) फ्रेडरिक ल्यूथरला जपत होता, आणि दुसऱ्या भागाचा ड्यूक जॉर्ज, त्याचाच चुलतभाऊ, ल्यूथरचा हाडवैरी होता. म्हणजे एका अक्षराने तू अर्धं जर्मनी फिरवून टाकलंस. 'सम प्रिन्सेस' लिही आणि लगेच एकाचं नाव दे.

नाव द्यायचं तर फ्रेडरिकचं दे, तो फार उपयोगी माणूस आहे. त्याने टेट्झेलला आपल्या हद्दीत येऊ दिलं नाही, हे ऐकून वाटतं केवढा सुधारक! पण विटेनबर्गच्या कॅसल चर्चमध्ये फ्रेडरिकने संतांच्या अवशेषांचा हजारोंचा संग्रह जमवला होता आणि त्यांचं दर्शन घेणाऱ्यांना तिथेही इंडल्जन्स मिळत असे. म्हणजे आपल्या प्रजेचा पैसा शेजाऱ्याच्या पेटीत जाऊ नये, हेही त्या बंदीमागे होतं. प्रजा मात्र हद्द ओलांडून युटरबोगला जाऊन टेट्झेलकडून पत्रं आणत होतीच. ही माहिती 'रंजक बाब' म्हणून टाकू नकोस. तुझ्या प्रश्नात 'मुख्य कारण' आहे, आणि इथे दिसतं की ल्यूथरचा सगळ्यात मोठा पाठीराखा इंडल्जन्सविरोधी नव्हताच.

'प्रिंटिंग प्रेस वॉज इन्व्हेन्टेड सो' मध्ये काळही बिघडलाय आणि कारणही. तुझं वाक्य वाचून वाटतं की छापखाना आला आणि दुसऱ्या दिवशी रेफॉर्मेशन झाली. गुटेनबर्गचं बायबल १४५५ च्या आसपासचं, म्हणजे ल्यूथरच्या आधी साठेक वर्षांचं. 'हॅड ऑलरेडी स्प्रेड' हवं. आणि 'सो' कशाला? साठ वर्षं छापखाना होता आणि तोवर काही झालं नाही, तर नुसता छापखाना हे कारण पुरत नाही. १५१८ मध्ये ल्यूथरने इंडल्जन्सवर जर्मनमध्ये वीस छोट्या मुद्द्यांचं एक चोपडं काढलं आणि ते पुनःपुन्हा छापलं गेलं. लॅटिनमधला विद्वानांचा वाद सामान्य माणसाच्या भाषेत, थोडक्या पानांत आला, हे कारणाच्या जवळ जाणारं आहे.

इथवर आलीस की 'युक्तिवाद कुठे आहे?' याचं उत्तर आपोआप समोर येतं. त्यासाठी स्वतःला एकच आडवा प्रश्न विचार. इंडल्जन्सवर टीका ल्यूथरनेच पहिल्यांदा केली का? नाही. यान हुसने १४१२ मध्ये प्राग शहरात इंडल्जन्सच्या विक्रीला उघड विरोध केला होता. तीन वर्षांनी कॉन्स्टन्सच्या धर्मसभेत त्याला जाळलं, तेही सम्राट होऊ घातलेल्या सिगिसमुंडने सुरक्षित प्रवासाची हमी दिलेली असताना. नंतर बोहेमियात मोठी युद्धं झाली, पण आग बहुतांशी बोहेमियातच राहिली. १५२१ मध्ये ल्यूथर वर्म्स इथे भरलेल्या साम्राज्याच्या सभेपुढे उभा राहिला तेव्हा त्यालाही अशीच हमी होती. सम्राट पाचव्या चार्ल्सने ती पाळली, आणि परतीच्या वाटेवर फ्रेडरिकच्या माणसांनी ल्यूथरला पळवल्याचं नाटक करून वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवलं. तिथे बसून त्याने नव्या कराराचं जर्मन भाषांतर केलं, ते १५२२ मध्ये छापून आलं.

तक्रार तीच, शंभर वर्षांचं अंतर, निकाल वेगळा. मग जे बदललं होतं त्यात कारण शोध. छपाई होती. आणि राजकारण असं होतं की १५१९ मध्ये सम्राट मॅक्सिमिलियन वारला, नवा सम्राट निवडायचा होता, निवडणाऱ्या सात जणांत फ्रेडरिक एक. अशा वेळी त्याला दुखवणं रोमलाही परवडणारं नव्हतं, आणि ल्यूथरवरचा खटला रेंगाळला. आता तुझं मुख्य विधान 'ऑल्दो'ने सुरू कर, म्हणजे इंडल्जन्सच्या विक्रीने वाद पेटवला हे मान्य करूनही, तो विझला नाही याचं कारण छपाई आणि राजाश्रय. 'ऑल्दो' वाक्याच्या डोक्यावर बसवलं की विरुद्ध बाजू मान्य केल्याशिवाय वाक्य पुढे जातच नाही. तुझ्या शिक्षकांना हवाय तो युक्तिवाद हाच.

माझंच मत उतरवू नकोस मात्र. उलट बाजूही चांगली लढवता येते. पैसा रोमला जातो हा राग जर्मन राजांत आधीपासून होता आणि इंडल्जन्स हे त्या रागाचं सगळ्यात डोळ्यांवर येणारं रूप होतं, असं कोणी म्हटलं तर मी सहजासहजी खोडू शकणार नाही. शिवाय जर्मनीबाहेर एक नजर टाक. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५२१ मध्ये ल्यूथरच्या विरोधात पुस्तक लिहून पोपकडून 'धर्मरक्षक' पदवी मिळवली, आणि १५३४ मध्ये स्वतःच चर्चचा प्रमुख झाला. तिथे कारण वारसाचं आणि लग्नाचं. झुरिचमध्ये १५२२ साली, मांस वर्ज्य असलेल्या उपवासाच्या दिवसांत एका मुद्रकाच्या घरी सॉसेज खाल्ले गेले, त्यावरून रण माजलं. तिथला धर्मोपदेशक झ्विंग्ली त्या वेळी हजर होता, त्याने खाल्लं नाही, पण खाणाऱ्यांची बाजू घेतली. (हा प्रसंग निबंधात घालण्याचा मोह होईल. एका वाक्यापुरता घाल.) दीड हजार शब्दांत हे देश मावणार नाहीत, त्यामुळे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाक की तू जर्मन प्रदेशांपुरतं लिहितेयस आणि १५५५ च्या ऑग्सबर्ग तहाच्या (ज्याने जर्मन राजांना कॅथलिक की ल्यूथरन हे ठरवायची मुभा दिली) पुढे जात नाहीस. मर्यादा घालणं ही पळवाट नव्हे.

एआयचं थोडक्यात सांगते. ते तुला गुळगुळीत परिच्छेद देईल, त्यात टेट्झेल असेल, गुटेनबर्ग असेल आणि दारावरचा खिळाही ठामपणे ठोकलेला असेल. शिक्षकांनी 'हे तुला कसं कळलं?' विचारलं की तू गप्प होशील. शाळेचा नियम काय आहे तोही बघून घे. नियमात बसत असेल तर लिहून झाल्यावर त्याला तुझ्या मतावर उलटे प्रश्न विचारायला सांग. तेवढं पुरे.

तीन आठवड्यांचं म्हणशील तर पहिला आठवडा इंग्रजी लिहूच नकोस. वाच, आणि मराठीत टिपणं काढ. प्रत्येक टिपणात कोणी, कोणाला, कधी, कशासाठी हे आलंच पाहिजे, आणि कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावर तेही. आपला विचार मराठीत होतो यात लाजण्यासारखं काही नाही. पण दुसऱ्या आठवड्यात लिहायला बसलीस की टिपणांचं वाक्याला वाक्य भाषांतर करू नकोस. टिपण वाच, वही मिट आणि तोच मुद्दा इंग्रजीत मांड. मराठीत आपण स्वल्पविराम देत देत वाक्य मैलभर ओढतो, इंग्रजीत त्यावर लाल रेघ येते. तिसऱ्या आठवड्यात निबंध नुसता वाचायचा. एकदा फक्त क्रियापदं बघत, दुसऱ्यांदा फक्त नामांपुढची आर्टिकलं बघत, तिसऱ्यांदा मोठ्याने. प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिही, तोवर तुझं मत काय आहे हे तुलाही कळलेलं असेल.

राहिली मैत्रीण. तिला न दुखावण्यासाठी काही गाळायची गरज नाही, नेमकं लिहायची आहे. 'द कॅथलिक्स वेअर करप्ट' हे वाक्य उद्धट आहे आणि चुकीचंही, पुन्हा त्याच 'द'मुळे. आल्ब्रेख्तने कर्ज काढलं आणि लिओने सवलत दिली, असं लिहिलंस तर ते दोन माणसांबद्दल झालं. त्या काळचा विद्वान इरॅस्मस चर्चमधल्या गैरप्रकारांवर कडाडून लिहीत होता आणि शेवटपर्यंत कॅथलिकच राहिला. १५४५ ते १५६३ चाललेल्या ट्रेंटच्या धर्मसभेने इंडल्जन्सची शिकवण ठेवली, पण पैसे गोळा करत फिरणाऱ्या उपदेशकांचं पद काढून टाकलं, आणि १५६७ मध्ये पोप पाचव्या पायसने पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या इंडल्जन्स रद्द केल्या. हे तुझ्या निबंधात आलंच पाहिजे, कारण सुधारणा चर्चच्या आतूनही होत होती. दुसऱ्या बाजूला ल्यूथरलाही नायक करू नकोस. १५२५ मध्ये शेतकऱ्यांच्या बंडात त्याने राजांना बंडखोरांची कत्तल करायला सांगितलं, आणि १५४३ मधलं त्याचं ज्यूंविरुद्धचं लिखाण वाचवत नाही. कच्चा मसुदा मैत्रिणीलाच वाचायला दे. एखाद्या वाक्यापाशी ती अडली तर 'तुला वाईट वाटलं का?' असं विचारू नकोस, 'यातलं काय बरोबर नाही वाटत?' असं विचार, आणि ती जे सांगेल ते पुस्तकात बघून घे.